काम झालं, आता जावा!

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. लेथवर बिहारची पोरं आहेत. चहाच्या गाड्यावर कुणी ना कुणी टोमणा मारतंच, "काय मालक, आपली पोरं घरात बसल्यात आणि तुम्ही ह्यांना आणून ठेवलाय!" मी हसून सोडून देतो. पण हल्ली रात्री परदेशांतले जुने स्थलांतरबंदीचे कायदे वाचत बसतो, आणि तिथंही हाच गाडा दिसतो.

१८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना दार बंद केलं. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वेलाईन टाकायची होती, तेव्हा हजारो चिनी चालले. गोऱ्यांपेक्षा कमी पगारात राबायचे ना! १८६९ला लाईन पुरी झाली, १८७३ला मंदी आली. मग सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नी नावाचा पुढारी "चिन्यांना घालवा" म्हणून गर्जायला लागला. हा गडी स्वतः आयर्लंडहून आलेला! पगार कमी ठरवला मालकांनी, राग निघाला मजुरांवर. मीही मालकच, त्यामुळं हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. व्यापारी आणि विद्यार्थ्यांना मात्र कायद्यात सूट होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतले गोरे जास्त हुशार. त्यांना भारतीय व्यापारी नको होते. गोऱ्या दुकानदारांचं गिऱ्हाईक तुटत होतं. पण भारतीयही राणीचीच प्रजा, उघड नाव घेऊन बंदी घातलेली लंडनला परवडणार नव्हती. म्हणून १८९७च्या कायद्यात अट घातली: युरोपातल्या एखाद्या भाषेत अर्ज लिहून दाखवा. कातडीच्या रंगाचा उल्लेखच नाही. भाषेची अट कुणासाठी असते, हे सीमाभागात वाढलेल्याला शिकवायला नको.

ऑस्ट्रेलियानं १९०१ला तीच युक्ती उचलली. पन्नास शब्दांचं शुद्धलेखन, आणि भाषा निवडणार अधिकारी! १९३४ला एगॉन किश हा नाझीविरोधी पत्रकार तिथं पोचला. सरकारला तो नको होता, पण गड्याला भाषा बऱ्याच यायच्या. शेवटी त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडमधल्या थोड्याच लोकांच्या भाषेत, उतारा घातला. नापास! पुढं तिथल्या हायकोर्टानं ठरवलं की ह्या कायद्यापुरती गेलिक ही युरोपीय भाषा धरता येत नाही, आणि किश सुटला. परीक्षा मात्र १९५८पर्यंत कायद्यात होती.

अमेरिकेनं चिन्यांवरची बंदी १९४३ला उठवली, कारण जपानविरुद्धच्या लढाईत चीन सोबतीला हवा होता. कोटा दिला वर्षाला १०५ माणसांचा.