रत्नागिरीच्या पावसाळ्यात बंद खोलीतली हवा मोजताना: माझा अनुभव

समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवरच्या एका तीनमजली ऑफिसात बारा सेन्सर बसवायचे होते. मोजायचं होतं कार्बन डायऑक्साइड (माणसांच्या श्वासातून साठणारा वायू), पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण), तापमान आणि आर्द्रता, दर मिनिटाला एक नोंद.

भिंतीवर चढवण्याआधी बाराही सेन्सर एकाच टेबलावर ४८ तास चालवले. ही पायरी कधीही गाळू नका. कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात दहा सेन्सर एकमेकांशी ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांतले भाग) आत जुळले, दोन मात्र सव्वाशेने कमी दाखवत होते. ते आधी चोवीस तास माणसं असलेल्या बंद खोलीत होते. सेन्सरचं आपोआप कॅलिब्रेशन, म्हणजे स्वतःचा आकडा स्वतःच दुरुस्त करणं, आठवडाभरातली सगळ्यात कमी नोंद म्हणजे बाहेरची हवा असं धरून चालतं. खोली कधी मोकळीच झाली नाही तर आकडा खाली सरकत जातो. ती सोय बंद केली, दोन्ही गच्चीवरच्या पत्र्याखाली वीस मिनिटं ठेवले आणि ४२० वर सेट केले.

पीएमने जास्त छळलं. धो धो पावसात, धूळ-धूर काही नसताना व्हरांड्यातला सेन्सर पीएम २.५ चा आकडा ७०-८० दाखवायचा. लेझरवाला सेन्सर कणावरून परतणारा प्रकाश मोजतो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतला मिठाचा कण पाणी ओढून फुगतो आणि सेन्सरला तो मोठी धूळ वाटतो. म्हणून ७५ टक्क्यांवरच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवल्या, सरासरीत घेतल्या नाहीत. तीन महिन्यांनी झाकण उघडलं तर पिनांवर हिरवट गंज आणि पंख्याच्या पात्यांवर चिकट राखाडी थर. खाऱ्या वाऱ्यात ही सफाई दर महिन्याला हवी.

खरी गोष्ट सापडली मीटिंगच्या खोलीत. तापमान २४, आर्द्रता ५५, म्हणून स्क्रीनवर सगळं हिरवं. पण दहा माणसं, बंद दार, खोली ६० घनमीटरची: अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड १६२० वर. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. सगळे उठून गेल्यावर १६२० वरून ८२० वर यायला दोन तास लागले. बाहेरचे ४२० वजा केले की १२०० चे ४००, म्हणजे एक तृतीयांश. ३ चा नैसर्गिक लॉग १.१, भागिले २ तास: तासाला ०.५५ वेळा हवा बदलते. दहा जणांत मिळून ताशी ३३ घनमीटर ताजी हवा, फारच कमी.

एक्झॉस्ट फॅन लावला आणि हवा आत यायला दाराखाली जाळी बसवली. कार्बन डायऑक्साइड ८०० झाला की फॅन सुरू, ६०० ला बंद. एसी बंद असताना फॅन चालू देऊ नका: पावसाळी हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं) इथे २५ अंशांच्या आसपास असतो, ती २३ अंशांच्या भिंतीला लागली की भिंत घामेजते आणि आठवड्यात बुरशी धरते. आता तीच घट २२ मिनिटांत होते, म्हणजे ताशी ३ वेळा. तरी दहा जण बसले की अर्ध्या तासात १२०० होतातच. मीटिंग लांबली तर मध्ये दार उघडायला सांगितलंय.