भवानी मंडपाजवळच्या जुन्या लॉजवर

मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवासाठी आईला कोल्हापूरला न्यायचं ठरलं, तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की राहायचं ते देवळाच्या पायी अंतरावर. आई सत्तरीची. देवळाकडच्या रस्त्यांवर त्या दिवसांत रिक्षासुद्धा आत येत नाही, मग स्टेशन रोडवरच्या गुळगुळीत हॉटेलचा उपयोग काय?

असे जुने लॉज मोबाईलवर शोधून नीट कळत नाहीत. मी थेट फोन लावला. गरम पाणी किती वाजता, संडास खोलीतच आहे का, जिना कसा आहे, सगळं विचारून घेतलं. भाड्याइतकंच महत्त्वाचं होतं चेकआउट. इथं चोवीस तासांचा हिशेब होता. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचते. बाराच्या चेक-इनवाल्या हॉटेलात आईला तोवर बाहेर बसवावं लागलं असतं.

पोचल्यावर मॅनेजरकाकांनी रजिस्टर पुढं केलंच नाही. म्हणाले, "ताई, जिना उंच हाय. आईंना जमतंय का बघा आदी, मग नाव लिवा." जिना खरंच उभा, लाकडी, मधोमध झिजलेला, धरायला जाड दोर. आईनं दोन पायऱ्या चढून मान हलवली. काकांनी तळमजल्यावरची खोली रिकामी होईपर्यंत आम्हाला चौकात बसवलं, चहा मागवला. मग आधारची झेरॉक्स, कुठून आलात, कुठं जाणार, सही.

खोली लहान, पण सागवानी दार, कडी-कोयंडा, शहाबादी फरशी आणि वर लाकडी फळ्यांची तक्तपोशी. भिंतीवर पाटी: खोलीत शेगडी, हीटर लावू नये. ती मला मनापासून पटली. संध्याकाळी आम्ही खासबाग मैदानापर्यंत चालत गेलो. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या कुस्तीच्या मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, १९१५चं. ८ ऑगस्ट २०२४ला रात्री ते जळालं. आईनं तिथं लहानपणी नाटक पाहिलेलं. ती बराच वेळ उभी राहिली. जुन्या लाकडी इमारतीत उतरणाऱ्यानं वायरिंग आणि बाहेर पडायची वाट आधी बघून घ्यावी, असं मला तेव्हापासून वाटतं. आमची खोली खालीच होती, तरी दुसऱ्या जिन्याबद्दल मी काकांना विचारलं. मागच्या बोळात उतरणारा जिना त्यांनी स्वतः येऊन दाखवला.

जवळ राहिल्याचा खरा फायदा किरणोत्सवाच्या दिवशी कळला. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम मानतात. पण हवेत ढग, धूळ, बाष्प असलं की किरण मध्येच विरतात. वाटेत कुणालाही उभं राहू देत नाहीत, आतले दिवेही मालवतात. आम्ही दहा तारखेला दुपारीच रांगेत लागलो. आईचे पाय दुखायला लागले तेव्हा मी तिला खोलीवर नेऊन पाठ टेकवली आणि तासाभरानं परत आणलं. स्टेशन रोडवर उतरलो असतो तर हे जमलंच नसतं. त्या दिवशी किरण कमरेपर्यंत आले. आईनं हात जोडले आणि ते खाली केलेच नाहीत.

निघताना बिलाची पावती मागून घेतली, ती हातानं लिहिलेली मिळाली. ३१ जानेवारीपासून पुन्हा किरणोत्सव असतो. काका म्हणाले, "आत्ताच सांगून ठेवा, खालची खोली एकच हाय." आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी तिथंच आगाऊ पैसे भरले.