कापूस वेचणीचा जन्म

फाशी कायम झालेल्या एका कैद्याचा दयेचा अर्ज करायचा होता. कैदी येरवड्याला, गाव मात्र इकडे पारोळ्याच्या बाजूला. म्हणून कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. गुन्हा भयंकर. दरोड्यात म्हातारं जोडपं मारलं गेलेलं.

शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख निघाली १ जून. मला हसूच आलं. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी पोराची सहा वर्षं भरतील अशी १ जून टाकून मोकळे. निम्म्या खानदेशाचा वाढदिवस त्याच दिवशी, माझ्या वडिलांचाही! पण या तारखेने पोरगा गुन्ह्याच्या रात्री अठरा वर्षं दोन महिन्यांचा ठरतो. अठराच्या आतल्याला फाशी देताच येत नाही, आणि हा मुद्दा खटला संपल्यावरही काढता येतो.

त्याच्या आईला विचारलं.

"कापूस येचानी येळे व्हयना तो, ताई. कापूस तसाच टाकीसन मी घर उनू."

म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास. त्याच सालचा असेल तर सतरा वर्षं नऊ महिने. आदल्या सालचा असेल तर रजिस्टरपेक्षाही मोठा. साल तिला सांगता येईना. कोर्टात रजिस्टरपुढे हे टिकणं कठीण, आणि त्याला कोर्टाला तरी काय बोल लावायचा? उद्या प्रत्येक आई कापूसच सांगेल.

दयेच्या अर्जाचं तसं नाही. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपती पुरावा नव्याने पाहून कोर्टाहून वेगळं मत बनवू शकतात, हे १९८८ साली केहर सिंग प्रकरणात ठरलंय. लोक दयेला उपकार समजतात. मला तर ती चूक धरायची शेवटची चाळणी वाटते. अंकुश शिंदे प्रकरणात सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने २०१९ साली निर्दोष सोडलं. मध्येच दोर आवळला असता तर?

निघताना मारल्या गेलेल्यांचा मुलगा ओट्यावर भेटला. "मन्हा मायबापनी उमर कोन मोजी?" म्हणाला. मी गप्प. मग त्याने विचारलं, "सुटी जाई का तो?"

खरं ते सांगितलं. दया मिळाली तर जन्मठेप. कोर्टात अल्पवयीन ठरला तर मात्र सुटेल.

"मंग राष्ट्रपतीलेच इचारा. कोर्टमा नका जावा."

वकील म्हणून मला दोन्हीकडे जावं लागणार, हेही त्याला सांगून टाकलं.