जुनं घर बघायला जाताना: राखायचं की पाडायचं?

‘धोकादायक झालंय, पाडूनच टाका’ असं ज्या जुन्या घरांबद्दल बोललं जातं, त्यांतल्या बऱ्याच घरांचा खरा आजार पाणी असतो. फुटक्या कौलांतून आत येणारं, तुंबलेल्या पन्हळीतून भिंतीवर उतरणारं, जमिनीतून वर चढणारं. पाण्याची वाट मोडता आली, तर घर वाचण्याची शक्यता खूप वाढते. त्यामुळे विक्रीला काढलेलं घर एकदा कोरड्या दिवशी बघावं आणि एकदा भर पावसात. सोबत टॉर्च, टेप, ओळंबा आणि लांब पेचकस (स्क्रूड्रायव्हर) हवा. कोरीव खांब आणि रंगीत काचा नंतर बघितल्या तरी चालतात.

सुरुवात जोत्यापासून करा. जमिनीतून चढणारी ओल साधारण एक-सव्वा मीटरवर थांबते आणि तिथे लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटतो. ओल त्याहून वर गेली असेल, तर वरून कुठून गळतंय ते शोधा, नाहीतर सिमेंटचा गिलावा शोधा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, आणि ते रोजच्या बांधकामात रुळायला पुढे कित्येक दशकं गेली. त्याआधीच्या भिंती चुन्यात नाहीतर मातीत बांधलेल्या. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं. कोंडलेली ओल वर सरकते, विटांचे पापुद्रे निघतात आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात. कितीतरी चांगल्या भिंती अशा ‘दुरुस्ती’नेच खचल्या आहेत, याचं फार वाईट वाटतं.

यावर उपाय आहे, पण तो सावकाशीचा. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं. मग भिंत सुकू द्यायची: जाडीच्या दर इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब. नंतर एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धारदार कणांची, धुतलेली वाळू असा गिलावा, एका थराला साधारण १० मिमी. भिंत आधी भिजवायची आणि नवा थर उन्हापासून झाकून काही दिवस ओलसर ठेवायचा. गडबड बहुतेक वेळा इथेच होते: लवकर धरावं म्हणून गवंडी घमेल्यात मूठभर सिमेंट टाकतो. त्याने चुन्याचा गुण जातो आणि सिमेंटची ताकदही धड मिळत नाही. काम चालू असताना तिथे उभं राहणं भाग आहे.

लाकडाचं मधलं अंग बघून समाधान मानू नका. तुळई भिंतीत शिरते तिथे पेचकस टोचा. दोन-चार मिमीला अडला तर ठीक. लोण्यात घुसावा तसा गेला, तर टोक गेलंय. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. पण टोक गेलं म्हणजे तुळई गेली असं नाही. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून त्याच जातीचं लाकूड सांध्याने जोडता येतं, किंवा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळता येतात. अर्थात आधी खालून टेकू देऊन.

तड्यांचं गांभीर्य नुसत्या रुंदीवर ठरत नाही. पाच मिमीपर्यंतचे तडे बहुतेकदा बुजवता येतात, पण तडा अजून वाढतोय का हे कळलंच पाहिजे. दोन्ही कडांवर खुणा करून वर्षभर मोजा. ऋतूंप्रमाणे कमी-जास्त होणारा तडा वेगळा आणि एकाच दिशेने रुंदावणारा वेगळा. खरेदीच्या घाईत वर्ष मिळत नाही, म्हणून जुन्या बांधकामात काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला न्या. फक्त काँक्रीटचं काम केलेला माणूस चुन्याच्या भिंतीला काँक्रीटचेच नियम लावतो.

पाया एका बाजूला खचतच चाललाय, कोपऱ्यात भिंती एकमेकींपासून सुटल्यात आणि बहुतेक तुळया पोखरल्यात, असं तिन्ही एकत्र असेल, तर पाडण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. जागा कमी पडते एवढंच कारण असेल, तर मात्र मागच्या मोकळ्या जागेत नवं बांधावं. नवं काम नवं म्हणूनच ओळखू यावं, असं जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते, आणि ते योग्यच आहे. पुढची भिंत तेवढी ठेवून मागे सगळं पाडण्याला आमचा विरोध आहे. त्यात घराची रचना, जिने, चौक, हवेची वाट सगळं जातं आणि राखल्याचा आव उरतो.

पाडायचंच ठरलं, तर आधी मोजमापाचे नकाशे काढा, प्रत्येक खोलीचे फोटो घ्या आणि लाकडांवर खडूने नव्हे, पत्र्याच्या बिल्ल्यांनी क्रमांक लावा. खडू पहिल्या पावसात जातो. चुन्यातल्या विटा सहज सुट्या होतात, त्या दुसऱ्या जुन्या घराच्या दुरुस्तीला कामी येतात.