कालवडीचे पहिले सहा महिने : माझा अनुभव

गवळाऊ जातीची गाय व्याली की आर्वीकडच्या कित्येक कोठ्यांत अजूनही जार (वार) पडायची वाट बघतात, तोवर वासराला चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, देत नाहीत. कालवडी मरतुकड्या राहतात त्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसलं. वासराला गर्भात आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते. आतड्याची ती शोषायची ताकद तासातासानं कमी होते आणि २४ तासांत जवळपास संपते. म्हणून नाकातोंडातला चिकटा पुसला की तासाभरात मी चीक पाजतो. वजनाच्या १० टक्के, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर. अर्धा लगेच, उरलेला १२ तासांच्या आत. वासरू पिऊ लागलं की जार सुटायला उलट मदतच होते.

नाळ पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून खाली कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. शेण-माती लागली तर तिथं पू होतो, पुढं सांधे सुजतात.

पडलेली जार मी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतो. राखणीच्या कुत्र्याला ती अजिबात खाऊ देत नाही. जारेतून निओस्पोरा हा परजीवी कुत्र्यात जातो, त्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो आणि गायी गाभडतात, म्हणजे गर्भ पडतो. त्यासाठी मुलांना कुत्र्याला 'सोड' शिकवायला लावतो. हातात भाकरीचा तुकडा धरायचा आणि त्यानं तोंडातली वस्तू टाकली त्याच क्षणी तो द्यायचा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. मारलं तर कुत्रा वस्तू घेऊन पळायला शिकतो.

दहाव्या दिवशी जंताचं औषध. गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळं वासरू कोठ्याबाहेर गेलं नाही म्हणून ते सुटत नाही. पोट नगाऱ्यासारखं, केस राठ, शेण मातकट आणि घाण वासाचं दिसलं की उशीर झाला समजा. पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून.

खुराक दुसऱ्या आठवड्यापासून चाटायला ठेवतो. १० किलोला मका भरडा साडेचार, भुईमुगाची ढेप तीन, गव्हाचा कोंडा सव्वा, तुरीची चुनी एक किलो, खनिज मिश्रण १५० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. सरकीची ढेप आपल्याकडं घरोघरी असते, पण तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य पोट रवंथाला तयार नसलेल्या वासराला बाधतं. तीन-चार महिन्यांपर्यंत नकोच. बुरशी धरलेली ढेप किंवा मका तर कोणत्याच वयात नको. सोयाबीनचं कुटारही (भुसाही) इतक्या लहान वासराला टाकत नाही, कोवळा हिरवा मका देतो.

वजनाला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ३६ आणि लांबी ३४ असेल तर सुमारे ६७ किलो. सकाळी चाऱ्याआधी, चारी पायांवर सरळ उभी असताना मोजायचं. मान खाली असली तरी आकडा बदलतो. दर पंधरा दिवसांनी वहीत लिहायचं. सलग दोनदा वजन तिथंच राहिलं तर आधी जंत, मग खुराक तपासायचा.

चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची, म्हणजे गर्भपात करणाऱ्या रोगाची, लस, फक्त कालवडींना, आयुष्यात एकदाच. तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर त्याच वहीत.