आज्जीची वाकळ

आठवीत एलिमेंटरीच्या तयारीला मी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचं झाड असं चित्र काढून नेलं होतं. चित्रकलेच्या सरांनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “भोगावतीच्या काठाला असला डोंगर कुठं बघितलास गं? घरात रोज बघतीस ते काढ की.”

घरात मी बघायची ती आज्जीची वाकलेली पाठ. उन्हाळ्यात रानातली कामं जरा हलकी झाली की ती सोप्यात वाकळ अंथरायची. खाली जुनं धोतर, मधे विरलेली लुगडी, वर ठिगळं. सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. कडेनं टाका घालत ती आत आत सरकायची, चौकोनात चौकोन, आणि मधोमध पोचेपर्यंत आठवडा जायचा. पट्टी नाही, खडूची खूण नाही, तरी ओळ हलत नसे. ठिगळावर हात फिरवत सांगायची, “ही तुझ्या पणजीची इरकल. हे तुझ्या आत्तीच्या बारशातलं.”

पणजीला मी पाहिलं नाही. पहाटे जात्यावर बसून ती स्वतःच्या ओव्या रचायची, त्यातल्या काही आज्जीला पाठ होत्या. लिहून ठेवणारं घरात कुणी नव्हतं. शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा 1917 साली केला, पण आमच्या घरातली पोरगी शाळेत जायला आईची पिढी उजाडली. तीही चौथीपर्यंतच.

रंग मला गुऱ्हाळावर कळला. काईलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उसाचा रस आधी हिरवट, गढूळ असतो. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढली की खालचा रंग उजळतो. मग फेस पिवळा होतो, उकळी जड होत जाते तसा सोनेरी आणि मग तांबूस. उतरवायला जरा उशीर झाला की गूळ काळपट पडतो आणि बाजारात रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, भाव मिळत नाही. गूळ करणारा गुळव्या थंड पाण्यात पाक टाकून गोळी बघायचा. त्याच्या आधीच आई चुलवाणापासून दहा हातांवरनं सांगायची, “उतरा आता.” पिवळ्यात तांबडा मिसळताना माझा हात आजही तिच्या त्या शब्दावर थांबतो.

पुढं कोल्हापुरात चित्रकला शिकले. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं तिथं रोज कानावर पडत आणि या मातीचा अभिमान वाटे. त्याच काळात एका परीक्षकांनी माझी चित्रं ‘हे बायकी शिवणकाम झालं’ म्हणून बाजूला सारली. एसटीच्या खिडकीशी बसून गाव येईपर्यंत रडले. आज्जीनं काही विचारलं नाही. वाकळेचं एक टोक माझ्याकडं सरकवलं आणि सुई हातात दिली. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात दोन ओळी घातल्या. माझी रेघ तुटक, टाक्याटाक्याची आहे ती तेव्हापासून. गेली बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत तीच काढते आहे.

गेल्या हिवाळ्यात शाहू स्मारक भवनात चित्रं मांडली होती. सर आता नाहीत, ते असायला हवे होते. आई मात्र आली. सगळ्यात मोठं चित्र आज्जीच्या वाकळेचं होतं, आई जिला आत्याबाई म्हणायची तिच्या. तिनं चष्मा पुसला, अगदी जवळ गेली, खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितं टाका सैल पडलाय बघ. आत्याबाईंनी उसवला असता.”

मी तो कोपरा पुन्हा काढला. चित्राच्या मागं तिघींची नावं लिहिली आहेत. सुवर्णमहोत्सवानिमित्त ते शाळेला देते आहे. चित्रकलेच्या वर्गात लावा, फक्त नदीकडच्या भिंतीवर नको. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, आमच्या वेळीही धरायची.