देखाव्यातला वारकरी टाळ वाजवू लागला

यंदा घरच्या गणपतीपुढे वारीचा देखावा करायचं ठरलं तेव्हा माझा आग्रह एकच होता: एक तरी वारकरी खरोखर टाळ वाजवणारा हवा. नुसती गोल फिरणारी मोटर लावली तर हात एकाच लयीत हलत राहतात. मला टाळकऱ्याचा ठेका हवा होता. म्हणून आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि दोन हातांसाठी दोन एसजी९० सर्वो (सांगितलेल्या अंशावर वळून थांबणाऱ्या मोटरी) घेतले.

हा सर्वो जेमतेम ९ ग्रॅमचा. आत छोटी मोटर, प्लॅस्टिकची दातेरी चाकं आणि आस किती वळला ते सांगणारा पोटेन्शिओमीटर. दर २० मिलिसेकंदांनी त्याला एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, जातो. दीड मिलिसेकंदाचा असेल तर आस मध्यावर राहतो, कमी-जास्त केला की या किंवा त्या बाजूला वळतो. ते काम लायब्ररी (तयार मिळणारा कोड) सांभाळते, आपण फक्त अंश लिहायचे. ताकद सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणून हात बांबूच्या काडीचे आणि टाळ पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून केले.

एक हात छान हलला. दुसरा जोडला की बोर्ड मध्येच रिसेट व्हायचा. सुरू होताना सर्वो एकदम बराच करंट ओढतो, दोन्ही मिळून यूएसबीला झेपत नाही आणि व्होल्टेज खाली येतं. सर्वोंना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा ॲडॉप्टर दिला आणि त्याचा ग्राउंड (ऋण टोक) बोर्डच्या ग्राउंडला जोडला. हा जोड हवाच. तो नसेल तर सिग्नलचा अर्थच सर्वोला लागत नाही.

खरा वेळ गेला तो ठेक्यात, आणि तो जायलाच हवा होता. दोन्ही सर्वो समोरासमोर, त्यामुळे उजव्याला जो अंश, तो १८० मधून वजा करून डाव्याला. पण जाताना-येताना वेग सारखा ठेवला की वारकरी यंत्रच वाटायचा. भजनाचे व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिले. टाळ भिडताना हात झपकन येतात, सुटताना सावकाश. मग भिडण्यासाठी थेट शेवटचा अंश दिला आणि परतताना एकेक अंश, मध्ये १५ मिलिसेकंद थांबून. तेवढ्याने त्याच्यात जीव आला!

आरतीत सर्वोची गुणगुण नको म्हणून एक बटण ठेवलं. ते दाबलं की पल्स बंद होतात. हात हलके असल्याने ते आहेत तिथेच राहतात.

पुढच्या वर्षी शेजारी मृदंगवाला उभा करणार आहे. त्याला धातूच्या चाकांचा एमजी९०एस सर्वो लावेन, कारण थाप देताना बसणारे धक्के प्लॅस्टिकचे दाते फार काळ सोसत नाहीत.